पुणं पायी बघायचंय? मग आधी पायांचं बघा

पुण्यात नवीन आलेल्या माणसाचा पहिल्या रविवारचा प्लॅन ठरलेलाच असतो. मॅप उघडायचा, शनिवारवाडा, दगडूशेठ, मंडई, तुळशीबाग, विश्रामबागवाडा, केळकर म्युझियम सगळं एकमेकांना चिकटलेलं दिसतं, मग "अरे हे तर चालत होईल" म्हणायचं आणि निघायचं. आणि होतं की चालत. कसबा गणपतीपासून केळकर म्युझियमपर्यंत सगळं मिळून अडीच-तीन किलोमीटर भरेल फार तर. तरी संध्याकाळी रूमवर येईपर्यंत पायाचे तुकडे पडलेले असतात, आणि वर हेही कळत नाही की एवढं चाललो तरी कुठे.

तर गोष्ट अशी आहे की पेठांमध्ये माणूस चालून कमी दमतो आणि उभं राहून जास्त. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात-सुटतात आणि पायातलं रक्त वर ढकलत राहतात, एका जागी उभं राहिलं की ते काम थंडावतं, रक्त खाली साठतं, पाय जड होतात, चप्पल सकाळी बसत होती ती दुपारी घट्ट लागायला लागते. त्यात दर्शनाची रांग, म्युझियममधलं कपाटासमोरचं उभं राहणं, तुळशीबागेत कुणाच्या तरी खरेदीसाठी ताटकळणं, आणि मधल्या वेळात गाड्या चुकवत दोन पावलं पुढे एक मागे. मोकळ्या रस्त्यावर तासाला चार-पाच किलोमीटर आरामात जाणारा माणूस इथे दोन गेला तरी खूप. म्हणून किलोमीटर मोजून प्लॅन करू नका, पायावर उभं राहायचे तास मोजा. पुढचं सगळं त्याच हिशोबाने सांगतोय.

१. पायात काय घालायचं

नवीन बूट नाही. हे सगळेच सांगतात आणि तरी लोक फिरायच्या आदल्या दिवशी लक्ष्मी रोडवर जाऊन नवीन सँडल घेतात. घ्यायचेच असतील तर आठ-दहा दिवस आधी घ्या, संध्याकाळी जाऊन घ्या कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि सकाळी फिट बसलेला बूट चार वाजता बोटं दाबतो, आणि मग रोज घराजवळ अर्धा तास घालून फिरा.

आता पुण्यापुरतं सांगायचं तर लेसवाले स्पोर्ट्स शूज तळव्याला सगळ्यात चांगले पण पेठांमध्ये दर पाचशे पावलांवर देऊळ, आणि दर देवळाबाहेर वाकून लेस सोडा, मोजे काढा, परत घाला, तिसऱ्या देवळाला माणूस वैतागतो आणि मग लेस न बांधता तसाच चालतो, ते सगळ्यात वाईट. त्यामुळे देवळांचा दिवस असेल तर मागे पट्टा असलेले वेल्क्रोचे फ्लोटर्स बरे. म्युझियम, पॅलेस, टेकडी असा दिवस असेल तर शूज. सपाट पातळ सोलची चप्पल मात्र कुठल्याच दिवशी नको, पेव्हर ब्लॉकच्या उचललेल्या कडा अगदी तळव्यात जाणवतात आणि टाच नुसती आपटत राहते. कोल्हापुरी फोटोपुरती ठीक आहे हो, ती बॅगेत ठेवा.

सोबत एक जुन्या मोज्यांची जोडी ठेवा. मार्च ते मे दुपारी देवळाच्या अंगणातली फरशी अशी तापते की लोक उड्या मारत मारत आत जातात. ज्यांना शुगर आहे त्यांनी तर हे मनावर घ्याच, तळव्याची जाणीव कमी झालेली असेल तर भाजलेलं कळतच नाही, रात्री फोड दिसतो. आणि नखं दोन-तीन दिवस आधी कापून ठेवा, सरळ कापा, कोपऱ्यात खोल जाऊ नका.

२. यादी कापा

एका दिवसात "मोठ्या" जागा दोनच. मोठी म्हणजे जिथे आत जाऊन तास-दीड तास उभं राहावं लागतं ती. शनिवारवाडा एक, केळकर म्युझियम दुसरी, झालं. बाकी सगळं जाता-जाता, बाहेरून, दहा मिनिटांत.

आणि एकाच बाजूचं एका दिवशी घ्या. पेठा एक दिवस. पर्वती आणि सारसबाग एक दिवस. डेक्कन, जंगली महाराज रोड, पाताळेश्वर एक संध्याकाळ. आगाखान पॅलेस आणि वानवडीची शिंदे छत्री ही दोन्ही लांबची, ती वाहनानेच. आगाखान पॅलेसला मेट्रोने कल्याणीनगरपर्यंत जा आणि पुढे रिक्षा करा. १९४२ ते १९४४ गांधीजींना तिथे नजरकैदेत ठेवलं होतं, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई तिथेच गेले, दोघांच्या समाध्या मागच्या बाजूला आहेत आणि बाग मोठी आहे, म्हणजे पायाची ताकद तिथे आत गेल्यावर लागते, नगर रोडवर घालवायची नाही.

पाहुणे म्हणतात "आलोच आहोत तर सिंहगड पण". त्याच दिवशी? नाही म्हणा. तोंडावर नाही म्हणा.

३. सुरुवात कुठून आणि कधी

साडेसात-आठला कसबा गणपतीला पोचा. पुण्याचं ग्रामदैवत, सकाळी गर्दी नसते, रस्ते मोकळे असतात आणि स्वारगेट लाइनवरचं कसबा पेठ मेट्रो स्टेशन जवळ आहे. २०२४ च्या सप्टेंबरपासून ही भुयारी लाइन सुरू झाली त्यामुळे पेठांत गाडी आणून पार्किंग शोधत फिरायचा निम्मा थकवा वाचला. फक्त एक, ही स्टेशनं खूप खोल आहेत, वनाजकडून आलात तर सिव्हिल कोर्टला (आता नाव डिस्ट्रिक्ट कोर्ट) मेट्रो बदलावी लागते आणि ते स्टेशन तर जमिनीखाली ३३ मीटर आहे, त्यामुळे फिटनेस दाखवायला जिन्याने वर येऊ नका, सरकता जिना आहे, लिफ्ट आहे, वापरा.

कसबा गणपतीवरून लाल महाल दोन मिनिटं, तिथून शनिवारवाडा समोरच. लाल महालाची आत्ताची इमारत महापालिकेने नंतर बांधलेली आहे, १६६३ ला शाहिस्तेखानाची बोटं छाटली ती वास्तू ही नव्हे, म्हणून आत फार वेळ नाही लागत. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० ची, १८२८ च्या आगीत आतलं जवळजवळ सगळं गेलं, आता तट, दरवाजे आणि जोती उरलीत. लोक काय करतात की आत शिरल्या शिरल्या दिल्ली दरवाज्यावरच्या नगारखान्याकडे दगडी पायऱ्या चढून पळतात, त्या पायऱ्या उंच आहेत, मग धापा टाकत खाली येतात आणि बाग न बघताच बाहेर. उलटं करा. आधी खाली जोत्यांमधून आरामात फिरा, एखाद्या झाडाखाली बसा, मग वर जा, वरून वाडा केवढा होता ते नीट कळतं, आणि उतरताना भिंतीला हात ठेवून उतरा.

मग शिवाजी रोडने दगडूशेठ. इथे खरी कसोटी. रांग मोठी असेल तर बाप्पा बाहेर रस्त्यावरूनही दिसतो, हात जोडा आणि पुढे चला, कुणी काही म्हणत नाही, अर्धं पुणं ऑफिसला जाताना तसंच दर्शन घेतं. रांगेत थांबणारच असाल तर पुतळ्यासारखं उभं राहू नका. टाचा उचला, खाली टेकवा, परत उचला, दहा-वीस वेळा. गुडघे ताठ लॉक करून उभं राहू नका, किंचित सैल ठेवा. बॅग एकाच खांद्यावर असेल तर बदला. आमची लातूरची आत्या रांगेत आपोआप हे करते, एका पायावरून दुसऱ्या पायावर, हातातली पिशवी या हातातून त्या हातात, तोंडाने अथर्वशीर्ष चालू, आणि आमच्यातले जिमवाले भाचे मात्र वीस मिनिटांत कठड्यावर लोंबकळतात.

पुढे मंडई, तुळशीबाग, मग बाजीराव रोडवर विश्रामबागवाडा. रस्ता ओलांडताना शिवाजी रोड आणि बाजीराव रोड वन-वे आहेत म्हणून एकाच बाजूला बघू नका. दोन्ही बाजूला बघा. का ते पहिल्या पाच मिनिटांत कळेल.

४. बसायचं कुठे, हे आधीच ठरवा

सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि प्लॅनमध्ये कुणीच लिहीत नाही. दमलं की बसू म्हणता आणि दमल्यावर लक्षात येतं की पेठांत बाकडंच नाही. फुटपाथ असेल तिथे त्यावर स्कूटर उभ्या. अमृततुल्यमध्ये बहुतेक ठिकाणी चहा उभ्यानेच प्यायचा. हॉटेलात बसावं तर बाहेर लोक नंबर लावून उभे.

वारीचं बघा. माऊलींची पालखी आळंदीहून निघते, मधले विसावे ठरलेले असतात, सत्तरीच्या माणसांना पाय दुखायला लागले की बसू असं चालत नाही तिथे, विसाव्याची जागा आली की पालखी थांबते, माणसं टेकतात, परत उठतात. पायांनी अठरा-वीस दिवसांचं गणित जमवलेली माणसं आहेत ती. आपणही तेच करायचं, पाऊण तास झाला की दहा मिनिटं टेकायचं, दमलो नसलो तरी.

पेठांतल्या बसायच्या जागा. कसबा गणपतीचं आवार, सकाळी शांत असतं. शनिवारवाड्याच्या आतली हिरवळ आणि झाडं. आणि माझी सगळ्यात आवडती म्हणजे तुळशीबागेतलं राममंदिर. बाहेर कानातल्यांच्या, भातुकलीच्या भांड्यांच्या, क्लिपांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नाही, "या ताई बघा तर खरं" चालू, आणि त्या दाटीतून आत वळलं की एकदम मोकळं आवार लागतं. १७६१ च्या सुमारास काम सुरू झालेलं देऊळ, जुना लाकडी खांबांचा सभामंडप. चप्पल काढा, खांबाला टेकून पाय लांब करा, तळवे गार फरशीला लावा. दहा मिनिटांनी बोटं सुटी झाल्याचं जाणवतं. बाजारात खरेदीला गेलेल्या मंडळींना "मी देवळात आहे" म्हणून सांगायचं, यावर कुणी आक्षेपही घेऊ शकत नाही.

डेक्कनच्या बाजूला हा प्रश्न कमी आहे. जंगली महाराज रोडचा फुटपाथ रुंद आहे, बसायला जागा आहेत, संभाजी बाग आहे, आणि पाताळेश्वरच्या आवारात झाडाखाली कितीही वेळ बसा. आठव्या शतकातली एका खडकात कोरलेली लेणी, भर ट्रॅफिकच्या रस्त्याला लागून, आणि आत पाऊल टाकलं की आवाज कमी होतो.

केळकर म्युझियमसाठी वेगळा नियम. मांडलेल्या वस्तूच अडीच हजारांच्या आसपास आहेत, दिवे, अडकित्ते, दौती, वाद्यं, कोरीव दरवाजे, सगळं बारीक काम, म्हणजे वाकून बघायचं, मान पुढे, कंबर वाकडी, आणि इंच इंच सरकायचं. कंबर सगळ्यात जास्त इथे धरते. सगळं बघायच्या फंदात पडू नका. आधी एक चक्कर न थांबता भराभर मारा, मग आवडलेल्या तीन-चार दालनांत परत जा. दिवसाच्या शेवटी तर अजिबात ठेवू नका, दुपारी जेवून, टेकून, मग जा.

दुपारचं टेकणं म्हणाल तर पुण्याचे एक ते चारचे जोक सगळ्यांनी ऐकलेत, पण एप्रिलमधल्या उन्हात बाजीराव रोडवर उभं राहून बघा, दुकान बंद करून घरी जाणारा माणूस काही चुकीचा वाटत नाही.

५. खाणं-पिणं

सकाळी मिसळ खायची तर खा पण नंतर लगेच पायपीट नको, अर्धा तास द्या. दुपारी अनलिमिटेड थाळी हा तर घातच. आळूची भाजी, जिलबी, मसालेभात, मठ्ठा, आणि मग म्युझियमच्या जिन्यात झोप. फिरायच्या दिवशी थोडं थोडं तीन-चारदा खा, पोहे, इडली, केळी, शेंगदाणा चिक्की. मस्तानी प्यायची असेल तर ती जेवणाऐवजी धरा, दूध आणि वर आइस्क्रीम म्हणजे जेवणच झालं की.

पाणी तहान लागायची वाट न बघता घोट घोट. बायका तर टॉयलेट मिळणार नाही म्हणून पाणीच पीत नाहीत, आणि ही अडचण खरी आहे, नुसतं "पाणी प्या" म्हणून सुटत नाही. म्हणून प्लॅनमध्ये टॉयलेटच्या जागाही धरा: मेट्रो स्टेशन, म्युझियम, आणि जिथे बसून जेवणार ते हॉटेल. लघवी गडद पिवळी झाली असेल तर पाणी कमी पडतंय. घाम खूप गेला असेल तर नुसत्या पाण्याने भागत नाही, लिंबू सरबत मीठ घालून घ्या किंवा मेडिकलमधून ओआरएस. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, अंदाजपंचे नाही, मोजून. बीपी-शुगरवाल्यांनी डॉक्टरांना विचारून.

६. पर्वती

वेगळा दिवस, आणि सकाळी. १०३ पायऱ्या आहेत, ऐकायला काहीच नाही, आणि रोज येणारे आजोबा तुम्हाला मागे टाकून वर जातील तेव्हा मनाला लावून घेऊ नका, ते कित्येक वर्षं चढतायत. पायऱ्या रुंद आहेत, आपल्या चालीने चढा, बोलता येईल एवढाच वेग ठेवा. बोलताना वाक्य तुटायला लागलं की थांबा.

पण त्रास चढण्याने होत नाही, उतरण्याने होतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असताना वजन पेलतात, त्याचं दुखणं त्याच दिवशी कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं, खुर्चीत बसताना आई आठवते. म्हणून उतरताना धावायचं नाही, एका रेषेत धाडधाड न उतरता थोडं तिरकं, लहान पावलांनी. वर देऊळ, पेशव्यांचं संग्रहालय आणि सगळं पुणं दिसतं, नानासाहेब पेशवे पानिपतानंतर १७६१ ला इथेच गेले. उतरलात की सारसबागेत जाऊन गवतावर आडवे व्हा, तळ्यातल्या गणपतीचं दर्शन नंतर.

७. फोड, गोळे आणि धोक्याची लक्षणं

चप्पल एखाद्या जागी चावतेय, गरम लागतंय असं वाटलं की त्याच क्षणी थांबा, "पुढच्या चौकात बघू" नाही. मेडिकलमध्ये कागदी चिकटपट्टी, मायक्रोपोर म्हणतात ती मिळते, त्या जागी सपाट लावा. फोड आलाच तर फोडू नका, फुटला तर साबण-पाण्याने धुवा, वरची कातडी उपटू नका, झाकून ठेवा.

पोटरीत गोळा आला तर बसा, पाय सरळ करा, चवडा हाताने आपल्याकडे ओढून धरा, सुटतो. मग पाणी आणि काहीतरी खारट.

उन्हात गरगरलं, मळमळलं, डोकं धरलं तर सावलीत आडवं करा, पाय थोडे उंच, अंगावर ओलं फडकं, घोट घोट पाणी. माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा अंग चटके बसावं इतकं तापलं तर लिंबूपाण्याचे प्रयोग करत बसू नका, १०८ ला फोन लावा, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा. आणि एकाच पोटरीला सूज, दुखणं, लाली असं झालं आणि ते जात नसेल तर तो नुसता थकवा समजू नका, डॉक्टरकडे जा.

८. घरी आल्यावर

आल्या आल्या पलंगावर पडू नका, पाच मिनिटं घरातच फिरा, मग भिंतीला पाय वर करून दहा मिनिटं पडा. बादलीत कोमट पाणी, हवं तर मूठभर मीठ, पाय बुडवा. कडकडीत नको. बोटांच्या मधली जागा नीट पुसा.

रात्री घरात काशाची वाटी असेल तर कुणाला तरी पटवा, तळव्याला थोडं तूप किंवा खोबरेल लावून वाटीने गोल गोल घासायचं, तळवा काळा पडतो, त्याला घाबरायचं नाही, तो काळा रंग धातूचा असतो, पुसला की जातो. किती खोलवर उपयोग होतो ते सांगता येणार नाही पण झोप मात्र मस्त लागते. टाचा भेगाळल्या असतील तर कोकमाचं तेल. फोड असेल त्या जागेला यातलं काही नको.

दुसऱ्या दिवशी अंग आंबलेलं असलं तरी पूर्ण झोपून राहू नका, वीस मिनिटं सपाट रस्त्यावर हळू चाला. आणि त्या दिवसाची फिरती बसने करा, पीएमपीएमएलची पुणे दर्शन बस त्यासाठीच आहे.

९. गणपतीत आलात तर

वरचं सगळं दुप्पट. रात्री पेठांतले बरेच रस्ते वाहनांना बंद, मानाचे पाच गणपती म्हणजे कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा, शिवाय देखावे, आणि गर्दी अशी की तुम्ही चालत नाही, गर्दी तुम्हाला नेते. थांबता येत नाही, बसता तर येतच नाही. म्हणून त्या दिवशी दुपारी झोप काढा, बंद बूट घाला कारण पायावर पाय पडणारच, सामान कमीत कमी. एका रात्रीत दोन पेठांपेक्षा जास्त नको. मेट्रो त्या दिवसांत उशिरापर्यंत चालते, वेळा दरवर्षी जाहीर होतात त्या बघून ठेवा, पण मंडई स्टेशनला परतीची झुंबड असते, थोडं चालून पुढचं-मागचं स्टेशन गाठलं तर उभं राहणं वाचतं. गर्दीत फोन लागत नाही, तेव्हा चुकामूक झाली तर भेटायची जागा निघायच्या आधी ठरवा, आणि "दगडूशेठसमोर" असली ठरवू नका, अख्खं पुणं तिथेच भेटत असतं. गर्दीच्या पट्ट्याबाहेरची, आणि पोचल्यावर टेकता येईल अशी ठरवा.